काजू ड्यूटीवर आहे

रोज सकाळी कुत्रं घेऊन बागेत जाणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. ते कुत्र्याच्या केसांसारखे कपड्यांना चिकटून येतात. कितीही झटका, ऑफिसात पोचेपर्यंत दोन-चार उरतातच. मग चहाच्या वेळी कुणीतरी विचारतं, "काय मृणाल, आज बागेत काय झालं?" आणि मीटिंगमध्ये माइक अनम्यूट करतानाही जिला धडधडतं ती मी एकटीच बोलत सुटते!

आधी एवढं सांगून ठेवते की मी घाबरट आहे. मी सांगलीची, नोकरीमुळे बेंगळुरूला, सर्जापूर रोडवर आले. कुकरची शिट्टी, दाराची बेल, फोन वाजणं, फोन न वाजणं, सगळ्याला मी दचकते. धीर यावा म्हणून रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं, बुंदी. ती माझ्याहून घाबरट निघाली! ती प्लॅस्टिकच्या पिशवीला घाबरते. एकदा स्वतःच्या शेपटीला घाबरली. आम्ही चालायला निघालो की कोण कुणाला सांभाळतंय हे बघणाऱ्याला कळत नाही.

आमची बाग तळ्याकाठी आहे. लहानशी. ती चालवतात वॉकर्स असोसिएशनचे लोक, आणि त्यांना चालवतात मूर्ती सर. बँकेतले निवृत्त मॅनेजर. सकाळी आठपर्यंत कुत्र्यांना परवानगी, पट्टा बांधलेला हवा, घाण मालकानं उचलायची, असा सरळ नियम होता. पण मूर्ती सरांना कुत्री मुळातच नको होती.

*

घाण उचलण्याचाच किस्सा घ्या.

बागेतले कचऱ्याचे डबे असोसिएशननं काढून टाकले. का? तर "डबा असला की लोक त्यात कचरा टाकतात!"

मग माझ्यासारख्या नियम पाळणाऱ्या मुलीनं काय करायचं? पिशवी हातात घेऊन घरी यायचं. एक दिवस ऑफिसची कॅब लवकर आली. बुंदीला घरात ढकललं, बॅग उचलली, पळाले. पिशवी कुठे ठेवली ते आठवलं ऑफिसच्या गेटवर, सिक्युरिटीवाल्यानं बाहेरच्या कप्प्यावर बोट ठेवलं तेव्हा.

"मॅडम, इसमें क्या है?"

"पर्सनल," मी म्हटलं.

मी असं म्हटल्यावर कुणीही उघडून बघेल. त्यानं उघडून बघितलं.

तेव्हापासून तो माझी बॅग तपासत नाही. मी आख्खा सर्व्हर उचलून नेला तरी सलामच करेल.

हे परवडलं. पण त्याच आठवड्यात बागेच्या मुख्य वाटेवर कुणाच्या तरी कुत्र्यानं केलेलं मूर्ती सरांना दिसलं. त्यांनी चौफेर नजर फिरवली आणि थेट माझ्याकडे आले.

"हे तुमच्या कुत्रीचं!"

"नाही सर, मी उचललंय. ही बघा पिशवी."

"तेच म्हणतोय! एवढ्या लोकांत पिशवी फक्त तुमच्या हातात आहे. म्हणजे केलं कुणी?"

बाकीचे पाच-सहा कुत्रेवाले रिकाम्या हातांनी शांतपणे फिरत होते. निर्दोष!

*

यमुनाक्का मला भेटल्या तो किस्सा किंचाळण्याचा आहे.

डिसेंबरचं धुकं होतं. तळ्याकडच्या वळणावर समोरून एक काळाकुट्ट, भलामोठा प्राणी आला. मी किंचाळले. बुंदी किंचाळली. प्राणी जागच्या जागी उभा राहिला, आणि त्याच्यामागून धुक्यातून आवाज आला, शुद्ध मराठीत!

"आधी कोण ओरडलं? पोरगी की कुत्री?"

मराठी ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी खरं तेच सांगितलं. "मी."

"सरी, बरं. मग कुत्री तुझ्यावर गेलीय."

यमुनाक्कांचं घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूचं. इथल्याच शिवाजीनगरला त्यांच्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. अक्का लहानपणापासून पूर्ण अंध. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली, आता मुलाकडे आमच्या शेजारच्या सोसायटीत राहतात. आणि तो काळा प्राणी म्हणजे त्यांचा लॅब्रॅडॉर, अंधांना वाट दाखवायचं रीतसर शिक्षण घेतलेला. अंगावर हार्नेस, त्याला कडक हँडल, ते अक्कांच्या हातात. नाव काजू.

"एवढ्या काळ्या कुत्र्याचं नाव काजू?" मी विचारलं.

"अय्यो, मला काय माहीत काळा आहे ते? मला सांगेपर्यंत नाव पडून गेलं होतं."

बागेत अक्का एकट्या यायच्या. हे 'एकट्या' फार महत्त्वाचं आहे. सर्जापूर रोडचा फुटपाथ म्हणजे अर्धा खणलेला आणि उरलेल्या अर्ध्यावर स्कूटर. घरापासून गेटपर्यंत काजू त्यांना कसाबसा वाचवत आणायचा. गेटच्या आत मात्र सरळ, मोकळी वाट. तिथे अक्का मान ताठ करून भराभर चालायच्या. मुलाचं म्हणणं होतं, "आई, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये चाल, मी कुणाला तरी सोबत देतो." अक्का म्हणायच्या, "गाड्यांच्या मध्ये दुसऱ्याचा हात धरून फिरायला मी काय चोरीचा माल आहे?"

म्हणजे बाग बंद झाली तर मला आणि बुंदीला सोसायटीभोवती फेऱ्या होत्या. अक्कांना बेसमेंट.

*

काजूच्या जॅकेटवर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'हात लावू नका, खाऊ घालू नका, मी कामावर आहे.' बागेतले सगळे लोक शिकलेले. सगळे ते वाचतात. मोठ्यानं वाचतात! वाचता वाचता हात लावतात.

एकदा एक काका बिस्किट टाकून निघून गेले. काजू वाटेच्या मधोमध थांबला. आता, काजू थांबला म्हणजे पुढे खड्डा नाहीतर पायरी, हा अक्कांचा हिशोब. त्या थांबल्या. पायानं चाचपलं, काही नाही. पुन्हा चाचपलं. काजू हलेना. मी मागून येत होते.

"पोरी, पुढे बघ गं. खणलंय का?"

"नाही अक्का."

"पाणी? वायर? साप?"

साप म्हटल्याबरोबर मी बाकावर चढले. बुंदी माझ्याआधी चढली. वरून बघून सांगितलं, "अक्का... क्रीमचं बिस्किट आहे."

अक्का इतक्या संतापलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "एवढं शिक्षण दिलं याला! पण आतून लॅब्रॅडॉरच राहिला. रस्ता ओलांडताना कुणी बिस्किट टाकलं तर? त्या माणसाला पुण्य आणि मला बसची धडक!"

मग मला नियम समजावून सांगितला. हार्नेस अंगावर म्हणजे काजू ड्यूटीवर. तेव्हा खाणं नाही, लाड नाही, गप्पा नाहीत. फेऱ्या झाल्या की अक्का हिरवळीवर बसायच्या आणि हार्नेस काढायच्या. मग काजूची सुट्टी! सुट्टीत तो साधा कुत्रा. लोळायचा, गवत हुंगायचा, बुंदीच्या मागे पळायचा. अंगात हार्नेस घातला की पुन्हा बँकेतल्या कारकुनासारखं तोंड.

"आणि रस्त्यावर सुट्टी?" मी विचारलं.

"रस्त्यावर कसली सुट्टी? रस्त्यावर मी हार्नेसचं बक्कलसुद्धा सैल करत नाही."

*

या नियमावर संकट आलं ते शनिवारी!

शनी मागे लागला की काळ्या कुत्र्याला तेल लावलेली चपाती घालायची, असं आमच्या भागातल्या एका ज्योतिषांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आता झालं असं की आमच्याकडची भटकी कुत्री सगळी तांबडी, नाहीतर पांढरी. आख्ख्या परिसरात काळा कुत्रा एकच. तो ड्यूटीवर!

शनिवारी सकाळी बागेत झाडाझाडामागे माणसं उभी. हातात फॉइलची गुंडाळी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, मारामारी आहे. एक कंपनीचा व्हाइस प्रेसिडेंट गुलमोहराच्या खोडामागून हळूच "काजू... काजू..." करत होता. त्याचं प्रमोशन अडकलं होतं.

अक्कांनी दोन शनिवार सहन केलं. तिसऱ्या शनिवारी वाटेच्या मधे उभ्या राहून जाहीर केलं, "ऐका! एका शनिवारी एकच माणूस. एकच तुकडा. सुट्टीतच. आणि तेल नाही, त्याचं पोट बिघडतं."

"पण अक्का, तेलाशिवाय शनी कसा..." व्हाइस प्रेसिडेंट कुरकुरले.

"तेल तुम्ही प्या. शनी तुमचा आहे, पोट त्याचं आहे."

नंबर लागायला लागले. अक्कांच्या ऑपरेटर डोक्यात कुणाचा नंबर कधी हे पक्कं, आवाजावरून. त्यात लीलाक्का म्हणून एक बाई होत्या, जांभळा स्वेटर, लेडीज ग्रुपबरोबर चालायच्या. साडेसाती त्यांच्या नवऱ्याला. मुलाचा व्हिसा दोनदा नाकारलेला. चपाती नवऱ्याच्याच हातून घालायला हवी, असं ज्योतिषांनी बजावलेलं, आणि नवरा असल्या गोष्टींना हसायचा. बिचाऱ्या दर वेळी फॉइल घेऊन यायच्या आणि आपला नंबर दुसऱ्याला देऊन जायच्या. "पुढच्या शनिवारी आणतेच त्यांना," म्हणायच्या.

*

आता तो सत्यानाशी किस्सा. आमच्याच टीममधला आदित्य. त्याचा बीगल, मोका. आठनंतर कुत्र्यांना आत सोडत नाहीत म्हणून यानं काय करावं? ऑनलाइन एक लाल जॅकेट मागवलं, त्यावर 'सर्व्हिस डॉग'! मोका झोकात आत.

मी विचारलं, "कसली सर्व्हिस देतो रे हा?"

"मला सकाळी उठवतो."

तळ्याकाठी तेव्हा लाफ्टर क्लबचा कार्यक्रम चालू होता. सगळे ज्येष्ठ नागरिक दोन्ही हात वर करून, डोळे मिटून, "हा हा हा!" मोकाला वाटलं आपल्यालाच बोलावतायत. तो मधे जाऊन बसला आणि आभाळाकडे तोंड करून त्यानंही सूर लावला. लोक डोळे मिटून जास्तच उत्साहानं हसले. त्यांना वाटलं, नवीन मेंबर आलाय! डोळे उघडेपर्यंत मोकानं एका आजींच्या डब्यातली पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, संपवली होती, डब्यासकट तळ्यात उतरला होता, आणि त्याच्या पट्ट्यात पाय अडकून एक आजोबा हिरवळीवर बसले होते. लागलं काही नाही. पण आता खरोखरच कुणी हसत नव्हतं.

मूर्ती सर धावत आले. आदित्य म्हणाला, "सर, ही इज अ सर्व्हिस डॉग."

बस्स! दुसऱ्या दिवशी मूर्ती सर स्वतः गेटवर उभे. अक्का आणि काजू आले. मी मागेच होते.

"आता कुठलंही जॅकेट चालणार नाही," सर म्हणाले. "पुरावा दाखवा."

अक्कांनी शांतपणे विचारलं, "कुत्र्याचा की माझा?"

सरांनी दुसरीकडे बघितलं. पण बाजूला सरले नाहीत. अक्कांनी ट्रेनिंग सेंटरचं कार्ड काढून पुढे धरलं. त्यांनी ते उलटसुलट केलं आणि म्हणाले, "आजकाल कार्डंसुद्धा ऑनलाइन मिळतात."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात मागे रिक्षाचा हॉर्न वाजला आणि माझ्या तोंडून फक्त "आई गं!" निघालं.

*

सरांनी अक्कांना आत सोडलं, पण "शनिवारच्या मीटिंगपर्यंतच" असं बजावून. मग बोर्ड आला. गेटला टेकवून ठेवला होता. कुत्र्यांना सक्त मनाई, कुठल्याही प्रकारच्या, अशा अर्थाचं कन्नड आणि इंग्रजी. खाली कुत्र्याचं चित्र आणि त्यावर लाल फुली. पेंटरनं कुत्रा असा काढला होता की वॉचमन बसप्पानं बराच वेळ बघून विचारलं, "सार, आपल्याकडे शेळी कधी येते?"

"मूर्खा, तो कुत्रा आहे! शनिवारी मीटिंग झाली की लटकवायचा."

"म्हणजे मीटिंगमध्ये ठरायचंय ना अजून, सर?" मी धीर करून विचारलं.

"ठरणारच आहे," सर म्हणाले. "म्हणून तर रंगवून घेतला."

त्या दिवशी अक्कांच्या फेऱ्या नेहमीपेक्षा जास्त झाल्या. मी आणि बुंदी धापा टाकत मागे. शेवटी मी म्हटलं, "अक्का, पुरे ना."

"स्वल्प थांब गं," त्या म्हणाल्या. "बेसमेंटमध्ये वारा नसतो."

मी बुंदीला उचलून घेतलं आणि चालत राहिले.

*

शनिवारची मीटिंग हिरवळीवर भरली. बोलणं सगळं कन्नडमध्ये, मी इथे मराठीत सांगतेय. पन्नासेक माणसं. मूर्ती सर खुर्चीवर उभे. बोर्ड मात्र मीटिंगची वाट न बघता सकाळीच गेटवर लटकलेला. अक्का बाकावर, पायाशी काजू, अंगात हार्नेस. त्या दिवशी त्यांना आत सोडलं ते "शेवटचं म्हणून."

माझ्याकडे रात्रभर पाठ केलेलं भाषण होतं. फोनवर लिहून आणलं होतं. ते उघडायला गेले तर फोनचा टॉर्चच चालू झाला.

सरांनी ठराव वाचला. कुठलाही कुत्रा नाही, अपवाद नाही, आजपासून. "अक्कांबद्दल आम्हाला आदर आहे," ते म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करा."

मोकाचा पट्टा ज्यांच्या पायात अडकला होता त्या आजोबांचा हात वर गेला. पुळियोगरेवाल्या आजींचा गेला. आणखी दोन-तीन. बाकीचे हात मागेच. मला कळेना. मग दिसलं, शनिवार होता! निम्म्या लोकांच्या हातात पाठीमागे फॉइल, बंदीआधी नंबर लागला तर लागला म्हणून.

"सर," व्हाइस प्रेसिडेंट हळूच म्हणाले, "हे आजपासूनच हवं का? माझा नंबर पुढच्या शनिवारी आहे."

"माझा त्याच्या पुढच्या," कुणीतरी म्हणालं.

"कसला नंबर?" सर ओरडले. "शिकलेली माणसं तुम्ही! एका कुत्र्याला चपाती घालून..."

"अहो."

लेडीज ग्रुपमधून जांभळा स्वेटर पुढे आला. लीलाक्का! मी आ वासून बघत राहिले. मूर्ती सर नेहमी उजवीकडून फेऱ्या मारायचे, लीलाक्का डावीकडून. हे दोघं नवराबायको आहेत हे मला त्या क्षणी कळलं.

"अहो, खाली उतरा. आज आपला नंबर आहे. एवढं करा, मग काय ती बंदी घाला."

"लीला, घरी बोलू."

"घरी काळा कुत्रा आहे का?" त्यांनी फॉइल त्यांच्या हातात कोंबलं. आवाज एकदम बारीक झाला. "सोमवारी त्याचा तिसरा इंटरव्ह्यू आहे. तुम्ही मानू नका. मी मानते. माझ्यासाठी."

मूर्ती सर खुर्चीवरून उतरले. माणूस एकदम उतारवयाचा दिसायला लागला. फॉइल हातात धरून बाकापर्यंत आले. काजूसमोर वाकले. काजूनं बघितलं, मान वळवली आणि सरळ समोर बघत बसला.

"खात नाहीये," सर म्हणाले.

"ड्यूटीवर आहे, मूर्ती सार," अक्का म्हणाल्या. इतकी वर्षं बँकेत मॅनेजर लोकांचे फोन जोडताना बोलत असतील त्याच सुरात. "हार्नेस काढल्याशिवाय खायचा नाही."

"मग काढा."

"काढला तर तो साधा कुत्रा होतो. साध्या कुत्र्यांना आजपासून या गेटच्या आत मनाई आहे म्हणे. बोर्ड लागलाय. मला वाचता येत नाही, पण बसप्पानं सांगितलं."

"बरं, मग गेटच्या बाहेर चला. बाहेर काढा."

"बाहेर रस्ता आहे, सार. रस्त्यावर मी हार्नेस काढत नाही. त्याला सुट्टी फक्त या गवतावर मिळते."

मूर्ती सरांनी फॉइलकडे बघितलं. काजूकडे बघितलं. मग बायकोकडे. लीलाक्का स्वेटरचं बटण फिरवत होत्या.

माझ्या फोनचा टॉर्च अजून चालूच होता. भाषण मी विसरले होते.

"बसप्पा," मूर्ती सरांनी वर न बघता हाक मारली. "तो बोर्ड स्वल्प काढून ठेव."

बसप्पा गेटकडे गेला. तारेचा, मग पत्र्याचा आवाज आला. मी दचकले. बुंदी दचकली. अक्कांनी मान तिरकी करून आवाज पूर्ण थांबेपर्यंत ऐकलं. मग त्यांचा हात हार्नेसच्या बक्कलवर गेला, आणि तिथेच थांबला.

"मूर्ती सार," त्या म्हणाल्या, "तेल नाही ना लावलंय?"